दार लावायच्या आधीचं बोलणं

या कानडी शहरात, कॉटनपेटेच्या आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत मुलीचं लग्न ठरवायचं म्हणजे पत्रिका जुळवणं नंतर, आधी विश्वासरावांना चहा. ही पद्धत कुणी काढली ते कुणाला आठवत नाही, पण मोडायची छाती कुणाचीच नाही.

विश्वासराव कोर्टात दलायत आहेत. पांढरा गणवेश, खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका लाल पट्टा, न्यायाधीशांच्या दालनाच्या दाराशी उभं राहायचं आणि पक्षकारांची नावं पुकारायची, हे काम. आवाज असा की त्यांनी व्हरांड्यात नाव पुकारलं की खाली कॅंटीनमध्ये इडली खाणारा माणूस ताटली तशीच टाकून जिना चढतो. घरी आल्यावर मात्र तो आवाज पट्ट्याबरोबर खुंटीला जातो. बायकोकडे पाणी मागायचं असलं तरी हा माणूस आधी दोनदा खाकरतो.

तर एखादं स्थळ आलं की विश्वासरावांना बोलावणं जायचं. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव सांगायचं. आठवडाभरानं ते परत यायचे. कोर्टात त्या नावाचं काही नसेल तर पुढ्यात आलेला चहा साखर मागून घेऊन प्यायचे. काही असेल, मारामारी, फसवाफसवी, आधीची एखादी बायको, तर हळूच म्हणायचे, "अक्का, माझ्यात साखर नको." बस्, एवढंच. पुढं कुणी विचारायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी पत्रिका परत जायची. तोंडानं कुणाची बदनामी नाही, कुणाचं नाव नाही.

यात चोरीचं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. "कोर्टाचं दार उघडं असतं," ते म्हणायचे. "कुणीही यावं, मागच्या बाकावर बसावं, ऐकावं. तुम्ही येत नाही, मी तिथंच उभा असतो. फरक तेवढाच."

पंचाईत झाली ती डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केली तेव्हा. बातमी गल्लीत पसरली आणि शेजारच्या गोजराबाईंनी भिंतीवरून ताकीद दिली, "अण्णा, डॉक्टरचं घरात ऐका. दुसऱ्याच्या दारी बिनसाखरेचा प्यालात तर ठरलेली लग्नं मोडतील."

झालं. घरी मेथीचं कडू पाणी आणि लोकांच्या मुलींसाठी गोड चहा. गल्लीतल्या निम्म्या संसारांची साखर विश्वासरावांच्या रक्तात फिरत होती आणि पायांना मुंग्या येत होत्या.

या गोजराबाई ब्लाउज शिवतात, आणि शिवता शिवता गल्लीतली उरलेली सगळी शिवण उसवतात. नवरा गेल्यापासून त्या आणि मुलगी हर्षिता, दोघीच. हर्षिता बेळ्ळंदूरच्या कंपनीत आहे. तिचं अर्धं आयुष्य रिंग रोडवर बसमध्ये गेलं, असं गोजराबाई म्हणतात आणि उरलेलं अर्धं तरी नवऱ्याकडे जावं म्हणून झुरतात. यंदा एकदाचं स्थळ आलं. विश्वासरावांना चहाचं बोलावणं गेलं.

"होसकोट्याचे भगवंतराव नाहीत का, जुनं घर, त्यांचा मुलगा," गोजराबाई कौतुकानं म्हणाल्या. "विराट. हेब्बाळला कामाला आहे. उंच आहे, बोलतो किती गोड. पहिलंच लग्न. तुम्ही तेवढं बघून सांगा, मी हॉलवाल्याला अडकवून ठेवलंय."

विश्वासरावांच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून पडलं. त्यांना बघायला कुठं जायचं नव्हतं. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं पुकारलं होतं.

"सांगतो," ते म्हणाले आणि कप तसाच ठेवून उठले.

"आज पोट बिघडलंय वाटतं अण्णांचं," गोजराबाई हर्षिताला म्हणाल्या. ती कपाकडे बघत होती.

ते घटस्फोटाचं प्रकरण गेल्या वर्षीचं. नागपूरची संयोगिता नावाची मुलगी आणि हा विराट. लग्न नागपुरात झालं, संसार इथं हेब्बाळला कुठल्याशा उंच इमारतीत, त्यामुळे आपल्या माणसांत कुणाला पत्ताच नाही. पहिल्या दिवशी नेहमीसारखं दार उघडं होतं. मग दार बंद करून चालवायचं ठरलं, आणि विश्वासरावांनी बाहेरची माणसं बाहेर काढून आतून कडी लावली. न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं की इथं ऐकलेलं बाहेर कोणत्याही रीतीनं जाता कामा नये. बोलून नाही, लिहून नाही. मान वर करून त्यांनी विश्वासरावांकडेही पाहिलं होतं. विश्वासरावांनी मान हलवली होती. कोणत्याही रीतीनं म्हटल्यावर त्यात चहाही आला, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आत काय झालं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथंही ते येणार नाही. एवढंच, की तारीख असेल त्या दिवशी त्यांचा दहीभाताचा डबा भरलेलाच घरी यायचा. आणि त्या महिन्यांत एकदा त्यांनी बायकोला काही कारण नसताना विचारलं, "मी तुला कधी घाबरवलं का गं?" ती म्हणाली, "तुम्ही? तुम्हाला बघून मांजर उठत नाही."

निकालाच्या दिवशी ती संयोगिता दाराशी थांबली. यांचं मराठी तिनं आधीच ऐकलं होतं. "काका," ती म्हणाली, "झालं ते झालं. आता बंद आहे तर बंदच राहू दे. मी थकले." विश्वासरावांनी कडी काढली आणि ती गेली.

आता एका बाजूला ते 'राहू दे', न्यायाधीशबाईंची नजर आणि वर्षावर आलेली पेन्शन. दुसऱ्या बाजूला हर्षिता, जी लहानपणी यांचा लाल पट्टा घालून अंगणात नावं पुकारायची. पट्टा घातला की समोरच्या मांजराला ती आरोपी करायची आणि विश्वासराव जामीन राहायचे.

आठवडा गेला, दुसरा सुरू झाला. गोजराबाई भिंतीवरून टोमणे मारू लागल्या. "अण्णा, कोर्ट संपावर आहे का? की आमच्या मुलीला वेगळी फी आहे?" विश्वासराव खाकरायचे आणि आत जायचे. रात्रीची झोप गेली ती गेलीच, दिवसा पुकारताना एकदा त्यांनी चुकून सुटीवरच्या वकिलाचं नाव घेतलं.

शेवटी एका शनिवारी ते बसनं हेब्बाळला गेले. फोन करून विराटला तळ्याच्या फाटकाशी बोलावलं होतं. शहाळेवाल्याच्या सावलीत ते उभे राहिले. विराट आला, उंच, नीटनेटका, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. यांना गणवेशाशिवाय ओळखायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा उतरला.

"अंकल, तुम्ही तिथले. दारातले."

"हो. हर्षिताच्या शेजारी राहतो."

"ते चॅप्टर क्लोज झालंय अंकल. आणि ऑर्डर आहे. कुणी बोलायचं नाही."

"मी कुठं बोलतोय? मला बोलताच येत नाही," विश्वासराव म्हणाले. "तुला येतं. तुझं लग्न झालं होतं, तेवढं त्यांना सांग."

"पण ऑर्डर..."

"बाळ, ऑर्डर आत जे बोललं गेलं त्यावर आहे. तुझं लग्न काही आत झालं नव्हतं. नागपुरात झालं, मांडवात, लोक जेवून गेले."

विराटनं शहाळ्यातली नळी फिरवली. "नाही सांगितलं तर काय करणार तुम्ही?"

विश्वासरावांनी तळ्याकडे पाहिलं. पाण्यावर एक बगळा एका पायावर उभा होता, बहुतेक त्याचीही ड्यूटी चालू होती. "मी काय करणार?" ते म्हणाले. "मी बसनं घरी जाणार. गोजराक्का चहा आणून ठेवील. तो मला पिता येणार नाही."

विराटला यातलं काही कळलं नाही. पण घाबरलेल्या माणसाला अर्धवट कळलेलं पुरतं. रविवारी तो एकटाच गोजराबाईंकडे आला आणि त्यानं सांगितलं.

सांगितलं ते इतकं छान, की गोजराबाईंनी त्याला आणखी दोन चिरोटे वाढले. लग्न झालं होतं. मुलगी चांगल्या घरची, पण डोक्यानं अस्थिर. उगाच रडायची, उगाच आरडाओरडा. यानं खूप सांभाळून घेतलं. शेवटी नाइलाज झाला. तिची नाचक्की नको म्हणून हा कुणाजवळ बोलला नाही. "मी तर म्हणालो होतो, उघड्या कोर्टात चालू दे, मला काय भीती," तो डोळे पुसत म्हणाला. "तिनंच दार बंद करून घेतलं. लोकांना खरं कळू नये म्हणून."

तो गेला आणि गोजराबाईंनी लगेच विश्वासरावांना हाक मारली. चहा उकळतच होता.

"बसा अण्णा. तुम्हाला ठाऊक होतं ना सगळं? म्हणून तोंड लपवत होतात. अहो, मुलगा सोनं आहे. लपवता आलं असतं, लपवलं नाही. बिचाऱ्यानं काय भोगलं असेल." आणि त्यांनी तो रडण्या-ओरडण्याचा, सांभाळून घेण्याचा सगळा पाढा पुन्हा वाचला, मधेमधे स्वतःची भर घालून.

विश्वासराव ऐकत होते. निकाल वाचला गेला तेव्हा ते आतच उभे होते. त्या निकालात आणि या गोष्टीत नवरा-बायकोची नावं तेवढी सारखी होती.

गोजराबाईंनी कप पुढ्यात ठेवला. साखर दोन चमचे, वरून आणखी एक. "प्या. आज तुमच्या डॉक्टरला सुटी द्या."

त्यांनी कपाला हात लावला नाही. नको असंही म्हणाले नाहीत. साखर नको म्हणावं तर न्यायाधीशबाई, प्यावा तर ही पोर. चहावर साय धरायला लागली.

"काय झालं? तुमचा आपला हा नवीनच खेळ," गोजराबाई म्हणाल्या. "हो म्हणा, नाही म्हणा, निदान माशी तरी हाकला."

"आई, थांब," हर्षिता म्हणाली. ती इतका वेळ शिलाई मशीनजवळ उभी होती. पुढं येऊन ती त्यांच्यासमोर खाली बसली. "मामा, आत काय झालं ते मी विचारत नाही. तुम्हाला सांगता येणार नाही, कळलं मला. एकच सांगा. दार बंद करायला कुणी सांगितलं? ते तरी दार उघडं असतानाच ठरलं असेल ना?"

विश्वासरावांनी वर पाहिलं. त्यांना तो दिवस जसाच्या तसा दिसला. दार सताड उघडं. मागच्या बाकावर कुणाची तरी म्हातारी आई पेंगत होती. दाराबाहेर दोन वकील शेंगा खात होते. पंखा कुरकुरत होता. कुणीही यावं, ऐकावं. त्यांनी पाठ सरळ केली, आणि गल्लीत कुणी कधी ऐकला नव्हता तो खुंटीवरचा आवाज बाहेर आला. समोरच्या घरातली माणसं दारात आली म्हणे.

"मुलाच्या वकिलानं मागितलं. बाईंनी त्या मुलीला विचारलं, तुमचं काय म्हणणं? ती म्हणाली, राहू दे उघडं, मला काय लपवायचं आहे. पण दोघांतल्या एकानं मागितलं की बंद करावं लागतं, असा कायदा आहे. मग मी कडी लावली." ते थांबले. आवाज परत लहान झाला. "त्याच्या पुढचं मला विचारू नकोस, पोरी."

गोजराबाईंनी चिरोट्यांच्या डब्याला झाकण लावलं.

"सरी," हर्षिता कानडीत म्हणाली, म्हणजे ठीक आहे. तिनं तो साय धरलेला कप उचलला, आत जाऊन मोरीत ओतला. पातेल्यात पाणी टाकल्याचा, गॅस पेटल्याचा आवाज आला. दुसरा कप तिनंच आणून त्यांच्या हातात दिला. विश्वासराव प्याले. त्यात साखर नव्हती.

लग्न मोडलं. मोडलं ते हर्षितानं, विराटला फोन करून. पण गल्लीनं खापर फोडलं ते विश्वासरावांवरच. अर्ध्या लोकांचं म्हणणं पडलं, एवढं सगळं ठाऊक होतं तर पहिल्याच दिवशी का नाही बोलले? उरलेले म्हणाले, बंद दारातलं फोडलंच शेवटी म्हाताऱ्यानं. आता कुणी स्थळ घेऊन आलं की ते सांगतात, "स्वतः जा, बाकावर बसा. दार उघडं असेल तर ऐकायला मिळेल." लोक जात नाहीत. बसनं कोण जाणार, आणि सुटी कोण काढणार.

कोर्टात त्यांची कडी हल्ली पूर्वीपेक्षा जास्त वापरात आहे. आधी गंजलेली असायची, आता तिला तेल घालावं लागत नाही. कुणाच्या भल्यासाठी लागते, कुणाच्या सोयीसाठी लागते, हे बाहेरून ओळखता येत नाही. आत उभं राहून ओळखता येतं, पण मग सांगता येत नाही. पायाच्या मुंग्या मात्र कमी झाल्या आहेत.

गोजराबाई बरेच दिवस अबोला धरून होत्या. एका संध्याकाळी त्या भिंतीशी आल्या. हातात अर्धवट शिवलेला ब्लाउज, तोंडात सुई.

"अण्णा," सुई काढून त्या म्हणाल्या, आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता. "ती नागपूरची मुलगी. तिचं आता बरं चाललंय का हो?"

विश्वासराव तुळशीला पाणी घालत होते.

"कोणती मुलगी?" ते म्हणाले.

गोजराबाई सुई परत तोंडात धरून मशीनवर जाऊन बसल्या.