अण्णांची गाडी, तिचं हँडल

दुसऱ्यांच्या मोटारसायकलींच्या सीट शिवण्यात तिची अर्धी हयात गेली, आणि तेवढ्या काळात ती एकाही गाडीवर पुढे बसली नाही. तसा कुणी कायदा केला नव्हता. पण आधी वडिलांच्या मागे, मग नवऱ्याच्या मागे, आणि नवऱ्याशी फारकत झाल्यावर जो कुणी "बसा ताई, सोडतो" म्हणेल त्याच्या मागे, असं करत करत बाईने चाळिशी ओलांडली. बाजारात तिला सगळे सीटवाली म्हणत. गाडीवरून उतरवलेल्या सीटचा फोम नुसता हाताने दाबून मालक कोणत्या अंगाला कलून बसतो हे ती सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. मालकांना ते फारसं आवडायचं नाही.

तिचे वडील अण्णा. विजेचे मीटर वाचायची नोकरी. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, सगळी नोकरी त्यांनी एकाच मोटारसायकलवर काढली आणि रस्त्यावर एकदाही पडले नाहीत. पडले ते निवृत्तीनंतर, घरच्या न्हाणीघरात, साबणावर पाय पडून. खुब्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवावी लागली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की पुन्हा पडलात तर चालणं विसरा. तेव्हापासून अण्णा खुर्चीतून उठतानासुद्धा आधी जमिनीशी बोलणी करून मगच उठत. गाडी जिन्याखाली धूळ खात उभी राहिली आणि त्यांच्या पुतण्याचा तिच्यावर डोळा गेला. त्याला टाकी आणि इंजिन तेवढं ठेवून बाकी सगळं चकाचक करायचं होतं. दर भेटीत तो गाडीभोवती अशी फेरी मारायचा, जणू मुलगी बघायला आलाय.

"गाडी मला द्या," एका संध्याकाळी सीटवाली म्हणाली.

"तुला येते चालवायला?"

"शिकेन."

अण्णा हसले नाहीत, हीच त्यातल्या त्यात आशेची गोष्ट. बराच वेळ त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "शीक. मग मला मागे बसव, वर पाण्याच्या टाकीपर्यंत ने आणि खाली आण. वाटेत मला एकदा जरी भीती वाटली, तर गाडी त्याची. पुन्हा विषय काढायचा नाही."

टाकीचा रस्ता त्या भागात सगळ्यांना ठाऊक. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला दरी, वळणांवर वळणं आणि वर गेल्यावर बंद फाटक. तिथे वळवून परत यायचं. ज्याला खुब्यात पट्टी आहे त्याने नवशिक्या बाईच्या मागे बसून तिथे जायची अट घालावी, याला काय म्हणावं? पण घातली. आणि तिनेही मान हलवली.

शिकायला घेतल्यावर पहिली अडचण तिच्या पायांची निघाली. गाडी उंच, बाई बुटकी. पायांची बोटं कशीबशी टेकायची, टाच हवेत. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी दोनदा तिच्यासकट आडवी झाली. समोरचा मिस्त्री दोन्ही वेळा पाना हातात घेऊन धावत आला आणि दोन्ही वेळा आधी गाडी उचलली.

"ताई, तुमची उंची वाढायची नाही आता. गाडीच खाली आणू," तो म्हणाला.

इथे मात्र ती माहेरी आली. सीट सोलून तिने फोम मधोमध कापला, बसायच्या जागी खोलगट केला, पुढे मांड्यांपाशी निमुळता केला म्हणजे पाय सरळ खाली जातील. वर नवं काळं रेक्झिन, दुहेरी टाका. मिस्त्रीने मागचे शॉकअप आखूड बसवले. आता तिचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकत. त्या दिवशी ती गाडीवर नुसतीच बसून राहिली, इंजिन बंद, पाय जमिनीवर, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी बघत होती की गिऱ्हाईक आत यायला बिचकलं. हळूहळू ती चेन ताणायला शिकली, प्लग काढून घासायला शिकली, ऑइल बदलताना ते कोपरापर्यंत ओघळू न देण्याइतकी तयार झाली. नखं काळी राहायला लागली. तिला ते आवडत होतं आणि आवडतंय हे ती कुणालाही सांगायला तयार होती.

मग तिने हँडलला हात घातला. जुनं हँडल लांब होतं, तिला पुढे वाकावं लागायचं. भंगारातून तिने दुसरं शोधलं, उंच आणि मागे वळलेलं, हात अगदी कुशीत येतील असं. मिस्त्रीचं दुकान त्या दिवशी बंद होतं. त्याच्यासाठी थांबायचं कशाला, असं तिला वाटलं. सीट केली, चेन केली, चार बोल्टचं हँडल ते काय! क्लचची केबल पोचेना म्हणून तिने लांब केबल आणली. अॅक्सिलरेटरची मात्र पोचली. जरा ताणून का होईना, पोचली. तिने किक मारली, रेस दिली, सोडली, इंजिन पुन्हा शांत झालं. झालं काम. तिने स्वतःची पाठ थोपटली आणि हात धुतले.

हँडल पूर्ण वळवून बघायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. समोरची जागा ऐसपैस होती, तिथे ती मोठ्ठा गोल घेऊन वळायची.

ठरलेल्या सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. काठी घरी ठेवली होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून, दुखरा पाय आधी उचलून ते मागे बसले आणि सीटमागची लोखंडी कडी दोन्ही हातांनी धरली. नव्या सीटबद्दल, नव्या हँडलबद्दल एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं वजन पडल्यावर गाडी जराशी खाली बसली. आजवर मागे कुणी बसलंच नव्हतं.

सपाट रस्त्यावर सगळं ठीक झालं. चढ लागला, तिने गिअर उतरवला, इंजिन खर्जात बोलायला लागलं. पहिलं वळण उजवीकडचं, छान गेलं. दुसरं डावीकडचं. हँडल वळवलं तशी इंजिनाची पट्टी आपोआप चढली. मूठ तर तिने फिरवली नव्हती. वळण संपलं, हँडल सरळ झालं, आवाज उतरला.

चढामुळे असेल, तिने स्वतःला सांगितलं. पुढचं वळण पुन्हा डावीकडे आलं, आधीच्यापेक्षा अवघड, आणि आवाज आधीच्यापेक्षा वर गेला. ताणून बसवलेली केबल तिच्या डोळ्यांसमोर आली. हँडल डावीकडे गेलं की केबल खेचली जातेय, आणि केबल खेचली की रेस वाढणारच, मूठ कुणी फिरवो न फिरवो. वर फाटकापाशी तर हँडल पार टोकापर्यंत वळवायचं होतं. तेही डावीकडेच, कारण उजवीकडे भिंत आणि वळायला मोकळी जागा काय ती डाव्या अंगाला.

थांबावं. सरळ ब्रेक लावावा, पाय टेकावे, अण्णांना उतरवावं आणि सांगावं. पण थांबायचं म्हणजे सगळं संपलं. "काय झालं?" असं ते विचारणार, ती सांगणार, आणि पुतण्या संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जाणार. सावकाश घेतलं तर वळेल. क्लच धरून धरून घेतलं तर वळेल. आपणच आपल्याला पटवायला बसलं की माणूस काहीही पटवून घेतो. मागून अण्णांचा हूं की चूं नव्हता. ती चालवत राहिली.

फाटक आलं. जागा तिला आठवत होती त्याहून लहान होती. डावीकडे दरीच्या कडेला लोखंडी कठडा, त्याचा एक आडवा गज गायब. तिने गाडी जवळजवळ उभी केली, पहिला गिअर, क्लच अर्धा, आणि हँडल डावीकडे वळवत नेलं.

अर्ध्यावर इंजिन किंचाळलं. गाडीने कठड्याकडे उसळी घेतली. नवशिका माणूस घाबरला की हातातलं घट्ट धरतो, तिनेही तेच केलं, पण नशीब बलवत्तर म्हणून डावा हात क्लचवर होता आणि तो पुरता आवळला गेला. चाकांचा जोर गेला, ब्रेक लागला, गाडी थांबली. इंजिन मात्र पिसाळल्यासारखं ओरडतच राहिलं आणि गाडी अण्णांसकट डावीकडे कलायला लागली.

"अण्णा, हलू नका!"

डावा पाय जमिनीवर पूर्ण टेकला. सगळा भार त्या एका पायावर आला, मांडी थरथरायला लागली, दात आवळून तिने तो पेलला. मग हँडल कसंबसं सरळ केलं, आवाज खाली आला, आणि तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं. पुढचं चाक आणि कठडा यांच्यात वीतभर जागा उरली होती. तिने स्टँड लावलं.

अण्णा तिच्या खांद्याला धरून उतरले. भिंतीपर्यंत चालत गेले, पाठ टेकली. त्यांचा दुखरा पाय पॅन्टच्या आत लटपटताना तिला स्पष्ट दिसला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

उत्तर अगदी जिभेवर तयार होतं. जुनी गाडी, कार्ब्युरेटर अडकला. कुणालाही पटलं असतं. दोष गाडीच्या वयावर गेला असता, मिस्त्रीने काहीतरी साफ केलं असतं आणि अजून एक संधी मिळाली असती. पण ज्यांनी ही गाडी जन्मभर लेकरासारखी सांभाळली त्यांच्यासमोर गाडीवर आळ घ्यायचा, तोही पाय असा लटपटत असताना! तिला स्वतःची शिसारी आली.

"मी हँडल बदललं आणि केबल जुनीच ठेवली," ती म्हणाली. "डावीकडे वळवलं की खेचली जाते. माझी चूक आहे. आणि अजून एक. हे मला चढावरच कळलं होतं. तरी थांबले नाही."

"का?"

"थांबले असते तर गाडी गेली असती. तुमचा पाय गेला असता तरी चाललं असतं, पण गाडी नको जायला, असं वागले मी. द्या त्याला गाडी. मी खाली ढकलत नेते, तुम्ही इथेच बसा, मिस्त्रीला फोन करते."

आता पुतण्याचं नाव निघणार म्हणून तिने मान खाली घातली.

"बाजूचं झाकण काढ," ते म्हणाले. "पाने आहेत ना आत?"

पाने होते. भिंतीला टेकूनच ते सांगत गेले आणि ती करत गेली. बोल्ट सैल करून हँडल पुढे झुकवलं, केबल हेडलाइटमागच्या पट्टीतून सोडवून जवळच्या वाटेने घेतली, मुठीपाशी तिला थोडी ढील दिली. बोल्ट आवळताना पाना दोनदा खाली पडला. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किक मारली आणि हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवलं. आवाज जागचा हलला नाही. अण्णांनी कान देऊन ऐकलं आणि पुन्हा एकदा फिरवायला लावलं.

"तुझ्याआधी मला कळलं होतं," ते अचानक म्हणाले. "पहिल्याच डाव्या वळणावर. या इंजिनाचा आवाज मला ओळखायला नको? तिथपासून जीव मुठीत धरून बसलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर माझीच अट. गाडी त्याला द्यावी लागली असती." त्यांनी तिच्याकडे न बघता पॅन्टवरची भिंतीची माती झटकली. "मला ती तुझ्याकडे हवी होती."

तिला आधी रडू आलं आणि लगेच रागही आला. "कमाल आहे तुमची! म्हातारपणी दरीत पडला असता, पण तोंड उघडलं नसतं?"

"तू तरी कुठे उघडलंस?"

गाडी बंद करून तिने ती हाताने वळवली, उताराच्या तोंडाशी उभी केली आणि दोन्ही पाय रोवून बसली. अण्णा आले, दुखरा पाय उचलून मागे बसले.

"आता भीती वाटली की लगेच सांगायचं," ती म्हणाली. "मी थांबवीन."

"वाटतेय की," अण्णा म्हणाले. "चल."