खापराच्या मांड्याची उंची

"बाई, कंबरले पट्टा दे, सुई दे, काय बी दे. पन तीन आठवडामा माले चुल्हापुढे बसाडी दे!"

लीलाअक्का तपासणीच्या टेबलावर आडव्या होत्या आणि उशीत तोंड खुपसून हे सांगत होत्या. तपासायला झोपल्या खऱ्या, आता त्यांना उठवेना. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा, असं करत मी त्यांना बसवलं. बसल्या आणि लगेच पुन्हा तेच, "माले पट्टा देस का नही?"

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, राहायला जळगावात. लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करणं हे त्यांचं काम. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण ती लाटण्याऐवजी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत परातीएवढी मोठी करायची आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. तीस वर्षं त्या हेच करत होत्या. सुभाषभाऊ नावाच्या केटररने तीन आठवड्यांवर आलेल्या धुळ्याच्या एका लग्नासाठी त्यांच्या भरवशावर शंभर मांडे कबूल केले होते. "जमत नसेल तर आत्ताच सांगा अक्का, दुसरी बाई बघतो," असंही बजावलं होतं. ते अक्कांना फार लागलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. अठरा वर्षं झाली, जळगावात माझं छोटंसं क्लिनिक आहे. कंबरदुखीचा पेशंट आला की आम्ही आधी नस दबतेय का ते बघतो. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलायचा. कळ मांडीतून खाली पावलाकडे गेली तर संशय घ्यायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. अक्कांची कळ कमरेतच थांबली. पायात मुंग्या नाहीत, ताकद चांगली, लघवीची तक्रार नाही. स्नायू थकून आखडले होते, एवढंच.

मी पोटाचे आणि खुब्याचे चार व्यायाम शिकवले. शेक सांगितला. आणि नेहमीचा उपदेश केला : खाली बसू नका, वाकू नका, वजन उचलू नका.

आठवड्याने अक्का परत आल्या. व्यायाम रोज केलेले. कंबर थोडी मोकळी झाली होती, पण आदल्या दिवशी एका बारशाला वीस मांडे केले आणि पुन्हा धरली.

"तू सांगस, वाकू नको," अक्का म्हणाल्या. "मंग मांडा कोन करी? तू?"

एवढ्या वर्षांत किती जणांना मी "वाकू नका" सांगून घरी पाठवलं असेल! त्यांचं काम डोळ्यांनी बघितलं मात्र क्वचितच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. "पाच मांडे करून दाखवा," म्हटलं. अक्का पाटावर बसल्या. कणकेची परात उजव्या हाताला, चूल डावीकडे. हातावर मांडा मोठा झाला की बूड न हलवता कंबर डावीकडे पिळायची, पुढे वाकायचं, हात लांब करून तो खापरावर टाकायचा. वाकणं आणि पिळणं एकाच वेळी, तेही हातात वजन घेऊन. कमरेला याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. शंभर मांडे म्हणजे शंभर वेळा.

"अक्का, हे उभं राहून करायचं. खापर बरोबर समोर."

"उभं ऱ्हाईसन कोठे मांडा व्हस का!"

क्लिनिकच्या गल्लीत रशीदभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांच्याकडून लोखंडी स्टॅन्ड करून घेतला, वर लाकडावर पेटणारी शेगडी बसेल असा. उंची मी सांगितली, अक्कांच्या कोपराच्या जरा खाली. अक्कांनी घरी त्यावर पहिला मांडा टाकला, फाटला. दुसरा फाटला. तिसरा अर्धा खापरावर, अर्धा जमिनीवर. अक्का माझ्याकडे बघेनात.

स्टॅन्ड बसवायला आलेले रशीदभाई बाजूला उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्टॅन्ड मोजला. शेगडी आणि खापर मोजलंच नाही."

खरंच. खापराचा माथा अक्कांच्या छातीपर्यंत येत होता. खांदे उचलून मांडा टाकावा लागत होता, म्हणून फाटत होता. रशीदभाईंनी शेगडी उतरवून तिथल्या तिथे स्टॅन्डचे चारही पाय वीतभर कापले. पुढचा मांडा खापरावर चादरीसारखा पसरला.

अक्कांनी कणकेचा पुढचा गोळा घेतला.

आता सुभाषभाऊंना पटवायचं होतं. ते वैतागले. "मॅडम, लोकांना चुलीपुढे बसलेली बाई बघायची असते. फोटो काढतात. उभी केली की डोशाचा स्टॉल झाला!"

"भाऊ, बसलेली बाई तिसाव्या मांड्याला उठलीच नाही तर कशाचा फोटो काढतील?"

"बरं. पण जमलं नाही तर चूल खाली."

उरलेले दिवस अक्कांनी रोज सराव केला. दोन सवयी मी लावल्या. परातीकडे वळायचं तर पाय वळवायचे, कंबर पिळायची नाही. आणि दर दहा मांड्यांनंतर कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुकायचं.

लग्नाला मी धुळ्याला मुद्दाम गेले. सकाळपासून अक्का उभ्या. दहा झाले, मागे झुकल्या. वीस झाले, झुकल्या. तिसाव्याला सुभाषभाऊ येऊन उभे राहिले. साठ झाले, झुकल्या. पंगती सुरू झाल्या तशी स्टॉलपुढे गर्दी वाढली. उभ्या अक्कांच्या हातांवर झुलणारा मांडा मागच्या माणसालाही दिसत होता. कोणी तरी मोजायला लागलं. शंभरावा खापरावर पडला तेव्हा मांडवातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि व्हिडिओ काढणाऱ्यांत सुभाषभाऊ सगळ्यात पुढे होते.

"अक्का, कंबर?" मी विचारलं.

"कंबर कोठे शे, ते ध्यानमाच नही ऱ्हायनं!" अक्का हसल्या आणि वरपक्षाने आणखी मागितले म्हणून अकरा मांडे जास्तीचे केले.

महिन्याभरात सुभाषभाऊंनी रशीदभाईंकडून आणखी तीन स्टॅन्ड करून घेतले. त्यांच्याकडच्या बाकीच्या बायकांना अक्काच शिकवतात. दर दहाला मागे झुकायचं एखादी विसरली की त्या चारचौघांत ओरडतात, मी कधी कोणावर ओरडले नसेन इतक्या.

माझ्या केसपेपरवर तेव्हापासून एक ओळ जास्तीची आहे : काम कसं करता, करून दाखवा. कोणी कळशी उचलून दाखवतं, कोणी खुर्चीत कसं बसतो ते दाखवतं. निम्म्या लोकांचं दुखणं मला ते बघतानाच कळतं. पट्टा मागणारे अजून येतात. मी आधी त्यांच्या ओट्याची उंची विचारते.