साडभाऊंच्या शेतात उतरणारे वक्ते

वर्धा जिल्ह्यात साहित्यिकांची मनोभावे सेवा करणारे पुष्कळ आहेत आणि साहित्यिकांची भाषणं बुडवणारेही काही असतील. पण ही दोन्ही कामं एकाच दुपारी, सारख्याच निष्ठेने पार पाडणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, ते यजमान. सिंदी रेल्वे आणि केळझर यांच्या मधल्या एका गावात त्यांची वांगी, पालक आणि सांभाराची शेती आहे. कोथिंबिरीला इकडे सांभार म्हणतात. त्या गावात दर हिवाळ्यात एक दिवसाचा लेखनमेळावा भरतो. सकाळी शाळेतली मुलं आणि गावातले हौशी कवी आपापलं लिहिलेलं वाचतात आणि दुपारी बाहेरगावाहून बोलावलेल्या लेखकाचं भाषण होतं. या लेखकाला सिंदीच्या स्टेशनवर उतरवून घेणं आणि वेळेवर मांडवात पोचवणं ही जबाबदारी पहिल्या वर्षापासून साडभाऊंकडे होती. त्यांनी आजवर एकही पुस्तक वाचलेलं नाही. ते ही गोष्ट लपवत नाहीत आणि मिरवतही नाहीत.

वाचन नसल्यामुळे आलेला लेखक ओळखायचा कसा, हा प्रश्न होता. साडभाऊंनी तो स्वतःच्या पद्धतीने सोडवला. गाडीतून उतरल्यावर जो माणूस बाहेर जायच्या वाटेऐवजी भलतीकडेच बघत उभा राहतो, तो लेखक. ही कसोटी बहुतेक वेळा खरी ठरली. एका वर्षी मात्र त्यांनी बियाण्याच्या कंपनीचा एक प्रतिनिधी घरी आणला. त्या गृहस्थांनी जीपमध्ये बसताना आणि जीपमधून उतरताना आपण लेखक नसल्याचं सांगितलं. साडभाऊंचा समज असा झाला की मोठी माणसं असंच बोलतात. पोटभर जेवण झाल्यावर प्रतिनिधींनी उपकाराच्या भावनेने पिशवीतून भेंडीच्या बियाण्याचं पाकीट काढून दिलं, तेव्हा घोळ लक्षात आला. तोपर्यंत खरे कवी स्टेशनच्या बाकावर बसून भजी खात होते. साडभाऊ त्यांना घेऊन आले, भजी खाल्ली म्हणून रागावले आणि त्यांनी पुन्हा जेवायला बसवलं. भेंडी चांगली आली, असं ते आजही सांगतात.

जेवण हाच या व्यवस्थेचा गाभा होता. स्टेशनवरून गावात येताना साडभाऊंचं शेत आधी लागतं, आणि पाहुणा शेतावरून उपाशी पुढे गेला तर ती त्यांच्या मते घराण्याची नाचक्की असते. त्यामुळे मेळाव्याच्या दिवशी सकाळीच शेतात गोवऱ्या पेटायच्या आणि त्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले जायचे. रोडगा म्हणजे मुठीएवढा घट्ट कणकेचा गोळा. तो फोडून, चुरून, त्यावर तूप ओततात, आणि सोबत वांग्याची भाजी आणि वरण असतं. रोज शेतात राबणारा माणूसही रोडगे खाल्ल्यावर झाडाखाली आडवा होतो. साडभाऊ ते भाषणाआधी वक्त्याला खाऊ घालत.

त्यांनी साहित्याचे प्रकारही यावरूनच लावले होते. कवी लवकर नाही म्हणतात पण मागून घेतात. कादंबरीवाले मुकाट्याने जेवतात आणि त्यांना कितीही वाढता येतं. समीक्षकांबद्दल त्यांचं मत कडवट होतं. “एकच खाते, अन् त्याच्यातही मीठ कमी हाय म्हंते.” नागपूरहून आलेल्या एका कथालेखिका बाईंनी आपण दुपारी फक्त फळं खातो असं सांगितलं, तेव्हा साडभाऊंनी पहिला रोडगा केळझरच्या गणपतीचा प्रसाद म्हणून वाढला. प्रसाद नाकारता येत नाही. त्या दुपारी दुसरा रोडगाही प्रसाद निघाला आणि तिसराही.

याचे परिणाम मांडवात दिसायचे. कोणी दोन शब्द बोलून बसत, कोणी विषय फार मोठा आहे एवढंच सांगून आभार मानत. बालसाहित्य लिहिणारे एक ज्येष्ठ गृहस्थ स्वतःचा परिचय चालू असतानाच झोपले, आणि श्रोत्यांना ते चिंतन वाटलं. गावात असा पक्का समज झाला की मोठे लेखक थोडक्यात बोलतात. बायका स्वयंपाकाच्या वेळेआधी घरी पोचत, पुरुषांना उजेडात ओलित करता येई, म्हणजे पिकाला पाणी देता येई, आणि म्हणून मांडव दरवर्षी भरलेला असे. मी तेव्हा वर्तमानपत्रात होतो. मेळाव्याची बातमी मीच लिहायचो आणि ती तीन ओळींत मावायची. साडभाऊंनी मात्र यातलं एकही भाषण ऐकलेलं नव्हतं. पाहुण्याला मांडवात सोडलं की ते भांडी घासायला ताईंच्या मदतीला शेतात परत जात. भाषण म्हणजे जेवणानंतर पाहुण्याला करावं लागणारं काहीतरी काम, अशी त्यांची समजूत होती.

मागच्या हिवाळ्याआधी मेळाव्याला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांचं गावात कृषी केंद्र आहे आणि ते गझला लिहितात. त्यांनी ठरवलं की या वेळी पाहुणे वर्ध्याच्या लॉजवर उतरतील, तिथे पोहे खातील आणि मोटारीने थेट मांडवात येतील. हे सांगायला ते स्वतः शेतावर गेले. साडभाऊंनी त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “गावात येऊन लॉजवर उतरला, तर त्याले पाहुणा म्हणाचं का गिऱ्हाईक?”

त्यानंतर ते मेळाव्याचं नाव काढेनासे झाले. ताईंनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं की हे संध्याकाळी बाजारातून आले की बोलत नाहीत, नुसते जीप पुसत बसतात. गावात त्यांना दुसरा कसलाही मान नव्हता. ते ना सरपंच होते ना कुठल्या सोसायटीत. वर्षातून एक दिवस गावचा पाहुणा आधी त्यांच्या दारात येई, एवढीच त्यांची ओळख होती आणि ती गेली होती.

मेळाव्याच्या सकाळी मी शेतावर गेलो. गोवऱ्या पेटलेल्या होत्या. सवयीने पेटवल्या, असं ताई म्हणाल्या. खाणारं कोणी नव्हतं, म्हणून मी खाल्लं. उरलेले रोडगे राखेतच झाकून ठेवले आणि दुपारी साडभाऊंना जवळजवळ ओढतच मांडवात नेलं. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो.

पाहुणे सडपातळ, वयस्कर ललित लेखक होते. पोटात फक्त पोहे असल्यामुळे ते ताजेतवाने होते, आणि ते बोलू लागले. लेखनाची प्रेरणा, लेखनाची शिस्त, लेखनातले अडथळे, असं करत ऊन कलायला लागलं. आधी बायका उठल्या. मग ओलितवाले उठले. अध्यक्षांनी व्यासपीठावर दोनदा घड्याळ वर करून पाहिलं, एकदा पाण्याचा पेला पुढे सरकवला. पाहुण्यांनी पाणी पिऊन नव्या दमाने आपल्या वडिलांची गोष्ट सुरू केली. वडिलांनी बाजारातून एक म्हैस आणली. ती रोज सकाळी दावं तोडून जुन्या मालकाच्या गावी चालत जायची आणि वडील रोज संध्याकाळी तिला आणायला जायचे. साडभाऊ पुढच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.

तेवढ्यात अध्यक्ष वाकून वाकून आमच्या रांगेपर्यंत आले आणि साडभाऊंच्या कानाशी लागले. “भाऊ, रोडगे हायत का काही? आत्ता आणता येतीन का?”

साडभाऊंनी नजरही वळवली नाही. “चूप बसा जी. माणूस बोलून राह्यला.”

पाहुणे सांगत होते की एका संध्याकाळी म्हैस आणायला गेलेले वडील परत आलेच नाहीत. इथे ध्वनिक्षेपक बंद पडला. मांडववाल्याला दुसऱ्या गावी लग्नाला जायचं होतं आणि त्याने कुणालाही न विचारता तारा गुंडाळायला घेतल्या होत्या. अध्यक्षांनी संधी साधून आभार मानले.

बाहेर त्यांनी साडभाऊंना गाठलं आणि फारसे आढेवेढे न घेता सांगितलं की पुढच्या वर्षीपासून पाहुणे पुन्हा तुमच्याकडेच. सकाळी उतरतील आणि जेवूनच मांडवात येतील. शेवटच्या शब्दांवर त्यांनी जोर दिला. 

“उतरतीन माह्याकडेच,” साडभाऊ म्हणाले. “पण जेवतीन बोलून झाल्यावर.”

अध्यक्षांचा चेहरा पडला. पण पाहुणे भुकेने व्याकूळ झाले होते, त्यामुळे चर्चा तिथेच थांबली आणि आम्ही सगळे जीपमध्ये बसलो. वाटेत साडभाऊंनी मला हळू आवाजात विचारलं, “साडभाऊ, बाकीचेही इतकं बोलाले आलते का?”

मी हो म्हणालो.  त्यानंतर जीप ते फार सावकाश चालवू लागले.

शेतात अंधारून आलं होतं आणि गारठा पडला होता. ताईंनी राखेतले रोडगे पुन्हा निखाऱ्यावर धरून गरम केले. साडभाऊंनी पाहुण्यांच्या ताटात रोडगा चुरला, तूप ओतलं आणि ते समोर मांडी घालून बसले. त्यांनी दुसरा रोडगा पुढे केला नाही, प्रसादाचं नाव काढलं नाही. ताईंनी एकदा काळजीने त्यांच्याकडे पाहिलं. पाहुण्यांनी पहिला घास उचलला.

“सर,” साडभाऊ म्हणाले, “मंग वडील वापस आले का?”

पाहुण्यांचा हात तोंडाजवळ थांबला. त्यांनी घास ताटात ठेवला, हात गुडघ्यावर टेकवला आणि ते पुढचं सांगायला लागले. सांगता सांगता ताटातलं तूप थिजून पांढरं झालं. साडभाऊंना ते दिसत होतं. ते त्यांना जेवा म्हणाले नाहीत.