नळीत सापडलेलं घड्याळ

कणांचा झोत नळीत कुठे अडतो, हे सांगणारी यंत्रं बनवण्यात ताईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती. प्रयोगशाळेतली नवी नळी सुरू झाली आणि त्यांच्या यंत्राने पहिल्याच सांध्याकडे बोट दाखवलं.

"तुमचं यंत्रच बिघडलंय," नळीची जोडणी करून घेणारे साहेब म्हणाले.

ताई हटल्या नाहीत. शेवटी नळी उघडली, तर आत साहेबांचं घड्याळ पडलेलं. जोडणीच्या वेळी तेच चोरल्याचा आळ घेऊन त्यांनी म्हाताऱ्या फिटरकाकांना कामावरून काढलं होतं.

  ताईंनीच काकांना फोन लावला.

सगळं ऐकून काका हळूच म्हणाले, "हे माझ्या मुलाला सांगाल का? त्यालाही ते खरंच वाटलं होतं."