हिराबाईंचे धुतलेले हात

हिराबाईंना कुणी अस्वच्छ म्हणावं? अहो, तीस वर्षं डेअरीच्या तपासणी खात्यात काढलेली बाई ती. दुधाचा कॅन जरा कोमट लागला की परत! मग आणणारा संचालकाचा मेहुणा का असेना. आणि त्याच हिराबाईंना नम्रता सिस्टरनं भरल्या वॉर्डात विचारलं, "मावशी, हात नीट धुता ना?" तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या.

त्यांचे यजमान उत्तरेश्वर, धंद्यानं शिंपी. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर त्यांच्या पोटात एक मऊ नळी बसवली होती. दिवसातून चार वेळा तिच्यातून पिशवीतलं पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं. हे सगळं हिराबाई दोन वर्षं कात्रजच्या घरीच बिनबोभाट करत होत्या. मधल्या वेळात उत्तरेश्वरांचे ब्लाउज शिवून व्हायचे.

एप्रिलात बाहेर येणारं पाणी गढूळ झालं. पोटात जंतू. डॉक्टरांनी अँटिबायोटिक मिसळलेल्या पाच पिशव्या दिल्या, रोज रात्री एक. पाच दिवसांत पाणी निवळलं नाही तर नळी काढायची, असं स्पष्ट सांगितलं. नळी गेली की आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर पडायचं. म्हणजे शिलाई बंदच.

चार पिशव्या झाल्या, तरी पाणी आपलं ताकासारखं. दाखवायला हॉस्पिटलात गेल्या, तर त्यावर सिस्टरचा तो प्रश्न. चोर सोडून संन्याशाला फाशी! औषधच शिळं असणार, हे हिराबाईंनी मनाशी पक्कं केलं. पाचवी पिशवी घेऊन त्या औषध विभागातल्या तेजसपुढे उभ्या राहिल्या.

त्यानं पिशवी हातात घेतली. ती गरम होती. कुठे ठेवत होता, असं त्यानं विचारलं. फ्रीजमध्ये, हिराबाई तोऱ्यात म्हणाल्या. आणि सकाळी काढून गच्चीवर उन्हात, दिवसभर. ह्यांना गार पाणी सोसत नाही. साध्या पिशव्याही अशाच तर तापवतो.

तेजसनं पेन खाली ठेवलं. साधं पाणी तापवलं तर चालतं, पण औषध मिसळलेली पिशवी अशी तापली की औषधाचा जोर ओसरतो, असं तो हळू आवाजात म्हणाला. फ्रीजमधून काढून वापरण्याआधी थोडा वेळ कोमट करायची, बस. लेबलवर लिहिलंय की.

लिहिलं होतं खरं. मुंगीएवढ्या इंग्रजीत, आणि त्यावर हॉस्पिटलनं आपलंच स्टिकर चिकटवलेलं.

"दूध नासतं ते मला कळतं," हिराबाई म्हणाल्या. "औषध नासतं, एवढं सांगायला तुमची जीभ झिजली असती?"

ट्रेनिंग दिलं होतं, तो पुटपुटला.

"दोन वर्षांपूर्वी. तेव्हा पिशवीत नुसतं पाणी होतं."

त्यानं नव्या पिशवीची चिठ्ठी लिहून दिली. त्या तरातरा जिना उतरल्या, पण अर्ध्यावर कठडा धरून थांबल्या. हॉस्पिटलवरचा राग तसूभर कमी झाला नव्हता, पण आता त्याला वाटेकरी आला होता. तीस वर्षं लोकांचे कोमट कॅन परत पाठवले, आणि घरच्या माणसाचं औषध स्वतःच्या हातानं उन्हात वाळत घातलं. शरमेनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवी पिशवी मिळाली, पण उशीर झाला होता. शुक्रवारी नळी काढली.

संध्याकाळी हिराबाईंनी खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. "अहो, औषध मी घालवलं," त्या म्हणाल्या.



"पहिल्या रात्री तू औषधाची पिशवी फ्रीजमधून काढून तशीच गार लावली होतीस," उत्तरेश्वर म्हणाले. "मी तुझ्यावर केवढा ओरडलो. पोटात कळ आली म्हणून. तेव्हापासून तू त्या उन्हात ठेवायला लागलीस."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जरा निवळलं होतं. मी पाहिलं होतं."

हिराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणि हे आता सांगताय?"