घाटात उतरलेला काटा

गाडी दुसऱ्यांदा लॉरीवर चढून मालवणला परत आली, तेव्हा दत्ताराम कुबल सरळ गाडीखाली शिरला. त्याने इंजिनाच्या पोटाखाली पत्र्याचं घमेलं ठेवलं आणि तेल सोडलं. काळ्या तेलात चंदेरी कण चमकत होते. बेअरिंग पुन्हा गेलं होतं.

ते बेअरिंग त्याने स्वतः ओतलं होतं. व्हाइट मेटल, म्हणजे कथलाचा मऊ धातू, वितळवून साच्यात ओतायचा आणि मग हाताने खरवडून कागदाइतका नेमका बसवायचा. हे काम तो माझगावच्या गोदीत शिकला होता. बाप गलबतं बांधायचा. लाकडावर मुलाचं मन बसलं नाही, लोखंडावर बसलं. बावीस वर्षं गोदीत काढून तो परत आला आणि धुरीवाड्यात माडांखाली त्याने शेड घातली. मालवण ते देवगड ज्या लाँचचं बेअरिंग वाजायला लागे, ती लाँच दत्तारामकडे येई. त्याने ओतलेलं मेटल कधी सुटलं नव्हतं.

आता सहा महिन्यांत दोनदा सुटलं होतं. तेही एकाच गाडीत.

गाडी काशिनाथ डॉक्टरांची. दोन माणसं बसतील एवढी, उघडी, लांब नाकाची इंग्रजी गाडी. युद्धाआधी शर्यतीसाठी बांधलेली. बेळगावच्या कुणा साहेबाने विलायतेला परत जाताना डॉक्टरांना विकली होती. सपाटीवर ती वाऱ्यासारखी धावायची. आंबोलीचा घाट लागला की पाचव्या-सहाव्या वळणावर तेलाच्या दाबाचा काटा खाली येई आणि इंजिनात ठोके सुरू होत.

"बेळगावच्या मिस्त्रीन बघल्यान," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते सांगणं जड जात होतं. "तो म्हणता, मेटल कच्चा ओतलेला आसा."

दत्तारामने बोटावरचा चंदेरी कण पुसला. "आणि तुमी काय म्हणतात?"

"मी डाक्टर रे. माका माणसाचा कळता."

गावात ते डॉक्टरांच्या आधीच पोचलं होतं. त्याच आठवड्यात एका तांडेलाने आपली लाँच वेंगुर्ल्याला नेली. दत्ताराम एकावन्न वर्षांचा होता. हाताशिवाय त्याच्याकडे काही नव्हतं. आणि हातच कच्चा ठरत होता.

"मेटल नाय डाक्टर, तेल जळता," तो म्हणाला. "तेल तापला की पाण्यासारखा पातळ होता. मग दाब पडता. मग मेटल जाता."

"कशावरसून?"

"ताच दाखवतंय. आणखी एकदा ओतूक द्या."

डॉक्टरांनी गाडीच्या लांब नाकावरून हात फिरवला. "दत्ताराम, एप्रिलात बेळगावचो एक माणूस गाडी बघूक येतलो. तिसऱ्यांदा गेला तर मी तेका ती देतलंय. मगे माका थांबवू नको."

दाबाचा काटा पडतो तेव्हा वेळ गेलेली असते. ताप आधी येतो. तो मोजायला हवा, एवढं दत्तारामला कळत होतं. पण गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटा होता, तेलाचा नव्हता. तसा काटा त्याने गोदीत लष्करी बोटींवर पाहिला होता. एका टोकाला करंगळीएवढं पितळी बोंड, ते तेलात बुडतं. दुसऱ्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. दोघांच्या मधे तांब्याची केसासारखी बारीक नळी. बोंडातला वायू तापून फुगतो आणि काटा सरकतो. नळी कापता येत नाही. कापली की वायू गेला आणि काटा मेला.

तसला काटा त्याला सर्जेकोटला मिळाला. मोडायला काढलेल्या एका जुन्या बोटीत तो इतकी वर्षं खाऱ्या हवेत पडून होता. खरं बोलतो की नाही, ते आधी बघायला हवं होतं.

नर्मदा स्वयंपाकघरात आली तेव्हा नवरा चुलीपुढे बसला होता. चुलीवर तिची कढई, कढईत पाणी, पाण्यात पितळी बोंड. तबकडी पाटावर.

"अवो, ही माझी माशाची कढय!"

"गाडयेक ताप इलो आसा गो. थर्मामीटर तपासतंय."

"मगे डाक्टरच्या घरात नाय चूल?"

पाणी खळखळ उकळलं. तबकडी फॅरनहाइटची होती. काटा दोनशे बारावर यायला हवा होता, तो दोनशे चारावर थांबला. दत्तारामने तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा दोनशे चार. तो हसला. काटा आठ अंशांनी कमी बोलत होता, पण दर वेळी तेवढाच कमी. अशा साक्षीदारावर विश्वास ठेवता येतो. मग पाण्याच्या उकळीहून वरचा तापही काटा दाखवतो का ते बघायला त्याने पाणी ओतून टाकलं आणि कढईत खोबरेल घातलं. नर्मदा बाहेर निघून गेली.

नवं मेटल त्याने चार दिवस घेऊन ओतलं. बेअरिंग बसवलं. मग तेलाच्या टाकीला, इंजिनाच्या पोटाला, भोक पाडलं. पुढच्या अंगाला पाडलं, कारण लाँचच्या इंजिनात तिथेच पाडतात. तिथे हात पोचतो. पितळेची चकती कातून त्यात बोंड घट्ट बसवलं. जास्तीची नळी वेटोळं करून बांधली. तबकडी डॉक्टरांच्या चाकासमोर लावली.

मार्च संपता संपता एका सकाळी दोघे निघाले. कुडाळपर्यंत काटा एकशे सत्तरवर, सावंतवाडीला एकशे ऐंशीवर. दाणोली मागे पडली. घाट सुरू झाला. दत्तारामची नजर तबकडीवरून हलत नव्हती.

तिसऱ्या वळणावर काटा हलला. एकशे पंचाहत्तर. मग एकशे साठ.

"बघ, बघ! काटो खाली येता!" डॉक्टर ओरडले. "घाटाचो वारो लागलो! इंजिन थंड झाला!"

दत्तारामलाही क्षणभर हसू आलं. मग त्याच्या पायांना लाकडी फळीतून ऊब जाणवली. ऊब कसली, चटकाच.

"थांबवा! डाक्टर, गाडी थांबवा!"

"हयसर? चढार?"

"तापलेल्या इंजिनाचो काटो खाली कसो येयत? थांबवा!"

मागून येणाऱ्या एस.टी.ने हॉर्न वाजवत त्यांना ओलांडलं. ड्रायव्हरने खिडकीतून काहीतरी ऐकवलं. दत्तारामने चाकांना दगड लावले आणि तो गाडीखाली शिरला. इंजिनाखालच्या पत्र्याच्या फटींतून त्याने पान्ह्याने तेलाच्या टाकीवर टिचकी मारली. नारळात पाणी आहे की नाही ते बघायला मारतात तशी. मागच्या बाजूने आवाज आला जड, भरलेला. पुढच्या बाजूने आवाज आला रिकामा.

त्याने पुन्हा एकदा दोन्हीकडे टिचकी मारून बघितली. मग बाहेर आला.

"चूक माझी," तो म्हणाला. "चढार तेल सगळा मागे गेला. बोंड पुढे. ता वारो मोजता."

"ह्या तुका आदी कळूक नाय?"

"होडी हलता डाक्टर, पण चढणा नाय. एकदा इकडे, एकदा तिकडे, परत मधे. मी होडयेचा डोस्का घेवन गाडयेखाली शिरलंय."

डॉक्टर हसले नाहीत. इंजिन निवल्यावर त्यांनी गाडी वळवली. वाटेत एवढंच म्हणाले, "तो बेळगावचो माणूस गुरवारी येता."

"तवसर माका दोन दिस द्या."

पुढचं भोक त्याने बुजवलं. टाकीच्या मागच्या तळाला तेल सोडायचं बूच होतं. चढावर सगळं तेल तिथेच जाणार. त्याने ते बूचच आरपार कोरलं आणि बोंड त्यात बसवलं. नळी नेमकी पुरली. वेटोळ्याला वीतभरही उरली नाही. बूच पत्र्याच्या भोकातून खाली डोकावत होतं, त्याला दगड लागू नये म्हणून खाली लोखंडी पट्टी दिली.

"आणि उतारार?" डॉक्टरांनी विचारलं. "तेल पुढे जातला."

"उतारार इंजिनाक काम खंय आसा?"

बुधवारी ते पुन्हा घाटाच्या पायथ्याशी होते. पहिलं वळण, एकशे नव्वद. दुसरं, दोनशे दहा. काटा आता खरं बोलत होता आणि ते ऐकायला भीती वाटत होती. दोनशे तीस. दोनशे पंचेचाळीस. चौथ्या वळणावर दोनशे साठ.

"थांबवा."

"दाब बरो आसा मरे!"

"म्हणानच थांबवा."

तिथे हौसाबाईचं चहाचं खोपटं होतं. ती चुलीवरून उठून आली. "बंद पडली?"

"बंद पडूच्या आदी थांबवली," दत्ताराम म्हणाला आणि गाडीखाली गेला.

इंजिनाच्या खाली तो पत्रा होता. तांबडी माती आणि किनाऱ्याची वाळू उडून इंजिनाला लागू नये म्हणून डॉक्टरांनी तो गेल्या वर्षी हौसेने बसवून घेतला होता. दत्ताराम दर वेळी तो सोडायचा, धुवायचा, परत बसवायचा. आज त्याने बोटावर थुंकी घेऊन त्याला लावली. चर्रर्र झालं. टाकीचं पोट वाऱ्याने निवायला हवं, आणि त्याच पोटाला या पत्र्याने गोधडी पांघरली होती. सपाटीवर ते खपत होतं. घाटात खपत नव्हतं.

आठ बोल्ट. त्याने ते तिथेच सोडले. पत्रा ओढून रस्त्यावर टाकला.

डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते पत्र्याकडे बघत राहिले. "म्हणजे रोग माझोच?"

"पत्रो तुमचो, ताप तुमचो," दत्ताराम म्हणाला. "मेटल माझा."

"हो पत्रो फेकतलात?" हौसाबाईने विचारलं. "माका द्या. चुलीक आडोसो करतंय."

"घे गो बाई," डॉक्टर म्हणाले, "पण जपान वापर. दोनदा मेटल खाल्ल्यान तेणा."

काटा एकशे ऐंशीपर्यंत येईतो त्यांनी दोन-दोन कप चहा घेतला. मग गाडी निघाली. पाचवं वळण. दोनशे पाच. सहावं. दोनशे अठरा. गाडीखालून वारा शिरत होता, त्याचा आवाज येत होता. सातव्या वळणावर काटा दोनशे बावीसवर आला आणि थांबला. आठवं वळण गेलं. काटा तिथेच. दाब पक्का. डॉक्टरांनी पाय आणखी दाबला. मागच्या खेपेला त्यांना ओलांडून गेलेली ती एस.टी. पुढे धापा टाकत होती. तिला ओलांडताना डॉक्टरांनी हॉर्न इतका वेळ दाबून धरला की दरीतली माकडं ओरडायला लागली. दत्ताराम उभा राहिला. उघड्या गाडीत, काचेची कड धरून, एकावन्न वर्षांचा माणूस उभा राहिला आणि लाँच बंदरात शिरताना ओरडतात तसा ओरडला.

"उद्या त्या माणसाक सांगतलंय, गाडी विकूची नाय," डॉक्टर म्हणाले, आणि आंबोलीला थांबलेच नाहीत. सरळ बेळगावला गेले. त्या मिस्त्रीच्या दारात त्यांनी गाडी उभी केली आणि म्हणाले, "तेल सोडा."

मिस्त्रीने तेल पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. उन्हात धरलं. दोन बोटांत चोळलं. फडकं काळं झालं होतं. चमक कुठेच नव्हती. मग त्याने वाकून ते कोरलेलं बूच हातात घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. तबकडीपर्यंत नळीचा माग काढला. त्याला वेळ लागला.

"हे कुणी केलं?"

"मी," दत्ताराम म्हणाला. बेळगावात आल्यावर त्याची भाषा ताठ झाली होती.

"आणि मेटल?"

"तेही मीच ओतलं. तिन्ही वेळा."

मिस्त्रीने फडकं बाजूला ठेवलं. मोठ्या कारखान्याचा माणूस होता, हाताखाली नऊ जण. ते नऊ जण काम थांबवून बघत होते. त्याने हात पुसले.

"मी चुकलो," तो म्हणाला. "माझ्याकडे दोन इंजिनं पडून आहेत. मेटल ओतायला पुण्याला पाठवणार होतो. तुम्ही ओताल?"

 इतके दिवस दत्ताराम या माणसाशी मनात भांडला होता. आता भांडायला काही उरलं नव्हतं.

"ओतीन," तो म्हणाला. "पण मालवणात. इथे नाही. आणि इंजिनाबरोबर त्याचा खालचा पत्राही पाठवा. बघून सांगतो."

डॉक्टर इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं.