नकोकाकांची दुकानदारी

गिऱ्हाइकाने वस्तूकडे बोट दाखवलं की दुकानदार "घ्या" म्हणतो. आमचे काका "नको" म्हणत. अरबाला "ला", हिंदी बोलणाऱ्याला "मत लो", आणि मला, मी काही मागण्याआधीच, "नको." कुवेतमधल्या शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात ते बावीस वर्षं विक्रेते होते, बंदुकीवर बसवायचे स्कोप, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणी, हा त्यांचा कोपरा. तिथल्याच अब्बासिया वस्तीतल्या एका खोलीवर ते, मी आणि आणखी तिघे असे पाचजण राहायचो. तिथे त्यांचं नाव नकोकाका पडलं ते कायमचं.

मला शिकार मान्य नाही, हे सांगून टाकतो. कॉलेजात असताना तिच्याविरुद्ध पत्रकं वाटली आहेत. खोलीवर आल्या आल्या मी काकांना तोंडावर म्हणालो, "तुम्ही मरणाचं सामान विकता." ते बांगडे साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "मारणारो मारतलोच. पण स्कोप लबाड असलो तर गोळी पोटात लागता आणि जनावर दोन दिस रानात तडफडता. ता कोणाच्या माथ्यार? तुझ्या पत्रकाच्या?" त्या प्रश्नाचा मला अजून राग आहे.

नवा माल आला की त्यातला एक स्कोप खोलीवर यायचा आणि आमच्या फ्रीजरमध्ये बांगड्यांशेजारी पडायचा. तिथून थेट गरम पाण्याच्या बादलीत. काचेआड वाफ धरली की नापास. एकदा पास झालेल्या स्कोपला गिऱ्हाइकाने डोळा लावला आणि नाक मुरडलं. "समक," काकांनी शांतपणे सांगितलं. म्हणजे मासे. "वास जाईल, काच राहील." त्याने तो घेतला.

श्रीमंत पोरं यायची ती सगळ्यांत मोठं दाखवणारा मागत. "चंद्रावर शिकारीला चाललात काय?" काका मोडक्या अरबीत विचारत. मग शिकवणी सुरू. तिन्हीसांजेला शिंग आणि फांदी वेगळी दिसली पाहिजे. डोळा नि काच यांत चार बोटं अंतर हवं, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. गाडी वाळवंटात आदळली तरी नेम हलता कामा नये. एवढं करणारा साधा स्कोप बस्स झाला. ज्याच्या भुवईवर आधीच व्रण असे, त्याची शिकवणी लवकर आटपे.

मग मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, चकचकीत खोक्यांतला नवा माल आणला. काकांनी एक स्कोप व्हाइसच्या शिकंज्यात आवळून समोरच्या लाँड्रीच्या पाटीवरच्या एका टिंबावर धरला. मग नेम सरकवायची बटणं फिरवली: दहा खटके वर, दहा उजवीकडे, दहा खाली, दहा डावीकडे. नेम परत टिंबावर यायला हवा. तो इस्त्रीच्या चित्रावर आला. दुसऱ्याचाही तसाच.

मुदीर म्हणाला, हा माल संपव, नाहीतर अकामा, म्हणजे राहायचा परवाना, वाढवून मिळणार नाही. अकामा नाही म्हणजे कुवेत नाही. आणि काकांना अजून एक वर्ष हवंच होतं. त्यांची धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

मी खवळलो. पत्रक लिहायलाच बसलो होतो, तेवढ्यात धाकटी आठवली. म्हणालो, "काका, महिनाभर गप्प राहा. अकामा लागू दे, मग बघतो एकेकाला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तू पत्रकां काढतंस, आणि माका गप रवाक सांगतंस?"

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गिऱ्हाइकाने चकचकीत खोक्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "ला."

अकामा वाढला नाही. महिन्याभरात ते गावी गेले. विमानतळावर येऊ का विचारलं, तर "नको." तरी गेलोच. धाकटीने शिकता शिकता एका दवाखान्यात काम धरल्याचं पुढे कळलं. त्याबद्दल मी मुदीरला माफ केलेलं नाही.

चार महिन्यांनी मुदीरचाच मला फोन. गिऱ्हाइकं येतात, तो म्हातारा कुठाय विचारतात आणि निघून जातात. त्याला परत बोलाव. मी गावी फोन लावला.

"ती खोकी परत गेली काय?" काकांनी विचारलं.

"नाही. कोपऱ्यात आहेत म्हणतो."

"मगे त्याका सांग, डुकरां शेतात शिरतत. मी कुंपण घालतंय. येळ नाय."

मी निरोप हिंदीत जसाच्या तसा पोचवला. मुदीर म्हणाला, "कितने दिन का काम है?"

"जब तक डिब्बे इधर हैं," मी म्हणालो.